फेब्रुवारीचा दगड

दिर्चेबाईंच्या कपाटाला आरसा नव्हता. म्हणजे होता, पण तो शाळेत माझ्या खोलीत, झाडू आणि बादलीच्या मधे भिंतीला टेकून उभा असायचा. मी त्या शाळेचा शिपाई. घंटा माझी, किल्ल्या माझ्या, हिवाळ्यात वर्गांतल्या शेगड्या पेटवणं माझं, आणि बाई आल्यापासून हा आरसाही माझा. खरं बघाल तर तो माझ्या सासूचा. बाई आमच्या वरच्या खोलीत राहायला आल्या आणि आठव्याच दिवशी जिन्यावरून वाकून म्हणाल्या, "नेल्लो, या कपाटाचा आरसा निघतो का हो?"

"निघेल की. पण कशाला, बाई?"

"चर्चला न्यायचाय."

माझी बायको आर्जिया चुलीवर मक्याची पोलेंटा घोटत होती. तिचा हात थांबला. "चर्चला आरसा? पाद्रीबाबा आता तिथंच दाढी करायला लागले काय?"

बाई हसल्या नाहीत. बाईंना हसायला वेळ लागायचा, कारण त्या आधीच कसल्या तरी काळजीत असायच्या. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आमच्या पिएव्हेरोसाचं चर्च आठशे वर्षांचं. त्याचं नाव घेण्यासारखं दार आहे ते उत्तरेला, आणि उत्तरेच्या दाराला कधी नीट ऊन लागत नाही. त्या दाराच्या कमानीवर बारा दगड बसवलेत. बारा दगड म्हणजे बारा महिने, आणि दर दगडावर एक बुटका माणूस त्या महिन्याचं काम करतोय. आम्ही जन्मापासून त्या कमानीखालून जा-ये केली. मान वर केली असेल तर ती कबुतर कुठं बसलंय एवढं बघायला. बाईंनी मात्र मला चौकात उभं केलं, जिथं चर्चची सावली संपून ऊन सुरू होतं तिथं, आणि आरशानं उन्हाचा कवडसा त्या दगडांवर टाकायला लावला. कवडसा पडला की ते बुटके जागे व्हायचे. कुणाचं नाक दिसायचं, कुणाच्या टोपीच्या चुण्या, कुणाच्या फाटक्या बुटातून बाहेर आलेला अंगठा.

बाई शिकवायच्या कलेचा इतिहास. जुनी चर्चं, कमानी, भिंतींवरची चित्रं, दगडांतली माणसं. मुलं सोळा-सतरा वर्षांची. त्या वयात आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाशी कुणाला काय देणंघेणं! पण बाईंची पद्धत निराळी होती. वर्ग दारासमोर उभा करायच्या आणि सांगायच्या, "दहा मिनिटं नुसतं बघायचं. बोलायचं नाही." पहिल्या वर्षी वीस मुलं तशी चिडीचूप उभी राहिलेली बघून पावाच्या भट्टीवाली झाइरा पीठ लागलेल्या हातांनी धावत बाहेर आली आणि माझ्या कानाशी लागली, "नेल्लो, कोण गेलं रे?"

दहा मिनिटं झाली की बाई विचारायच्या, "काय दिसतं?"

कुणी म्हणायचं, "जून महिना."

"जून दिसत नाही. काय दिसतं?"

"टोपी, बाई."

"हां. टोपी दिसते. कशाची आहे?"

"गवताची."

"हातात काय?"

असं टोपीवरून हातावर, हातावरून विळ्यावर, विळ्यावरून गवतावर, आणि मग शेवटी जून. आधी नाव घेतलं की डोळे मिटतात, असं त्यांचं म्हणणं. मी पाच इयत्ता शिकलो, त्यातले दोन हिवाळे शेळ्यांमागे गेले. पण त्या आरशामागे उभं राहून माझं जेवढं शिक्षण झालं तेवढं शाळेत झालं नाही.

आता बाईंची काळजी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बाई फेराराकडच्या, सपाट मुलखातल्या. त्यांची नेमणूक दर वर्षापुरती. सप्टेंबर आला की यादी लागायची, आणि यादीत नाव येईपर्यंत बाईंच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आमच्याकडे येण्याआधी अकरा गावांतल्या अकरा शाळा झाल्या होत्या. येताना त्यांनी पुस्तकांची चार खोकी आणली, सुतळीनं करकचून बांधलेली. ती पलंगाखाली गेली ती गेलीच. आर्जिया म्हणायची, "बाई, सोडा की ती. उंदीर संसार थाटतील आत."

"कशाला सोडायची? परत बांधावी लागतील."

अशी आठ वर्षं गेली. लागेल ते एखादं पुस्तक खोक्याच्या कोपऱ्यातून बोटं घालून ओढून काढायच्या आणि तसंच आत कोंबायच्या. वर्गात मुलं तीनदा मोजायच्या. कुलूप लावलं तरी परत येऊन ओढून बघायच्या. वय सेहेचाळीस.

आणि नवव्या वर्षी कागद आला. जागा कायमची मिळणार होती. मात्र एक अट होती. मार्चमध्ये शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर येणार, एक तास बघणार आणि अहवाल लिहिणार. अहवाल चांगला तर बाई पिएव्हेरोसाच्या. वाईट तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला, आणि बाईंचं नाव यादीच्या तळाला. त्या वयात तळाला गेलेलं नाव वर येत नाही, हे हेडमास्तरांनीच मला सांगितलं.

इन्स्पेक्टर कोण, तर सार्तीसाहेब. हे ऐकून बाई आधी खूश झाल्या. कारण आमच्या त्या दारावर जे एकुलतं एक पुस्तक आहे, ते याच सार्तीसाहेबांचं. चर्चमध्ये मेणबत्त्यांशेजारी विकायला असतं. बाईंनी त्यावरूनच सगळं शिकवलं होतं. पुस्तकातला सगळ्यात मोठा धडा फेब्रुवारीचा, चांगला अकरा पानांचा. बारा दगडांत फेब्रुवारीचा दगड सगळ्यात झिजलेला. त्या काळी वर्ष मार्चपासून धरायचे, म्हणून मार्च कमानीच्या डाव्या पायाशी, आणि फेब्रुवारी शेवटचा, उजव्या पायाशी, हाताला लागेल इतका खाली. बाजाराच्या दिवशी लोक तिथंच खेचरं बांधायचे. खेचरांनी आठशे वर्षं अंग घासून घासून त्याचा पार गुळगुळीत गोळा करून टाकलेला. सार्तीसाहेबांनी त्यात काय वाचलं, तर फेब्रुवारी म्हणजे उपासाचा महिना, वाकलेला माणूस म्हणजे पापी, त्याच्या हातात तुरेवाला साप, तो साप त्याच्या गुडघ्याला डसतोय, आणि शेजारी वठलेलं पापाचं झाड. मी आरसा धरून हे आठ वर्षं ऐकलं. समोरून कवडसा टाकला की साप दिसायचा, हे खरंय. तुऱ्यासकट दिसायचा.

तास गुरुवारी होता. सोमवारी शाळा सुटल्यावर बाईंनी मला रंगीत तालमीला नेलं. मुलं नव्हती. बाई, मी आणि आरसा. माझी नेहमीची जागा भट्टीच्या भिंतीपाशी, दाराच्या बरोबर समोर. पण त्या दुपारी झाइराकडे लाकडांची गाडी रिकामी होत होती, म्हणून मी चौकाच्या बाजूच्या कारंज्याच्या पायरीवर गेलो. तिथून कवडसा दगडांवर आडवा पडत होता. बाई मोठ्यानं म्हणून दाखवत होत्या, मार्च, एप्रिल, मे. मी कवडसा पुढं पुढं सरकवत होतो. सकाळी मी माझ्या सहा ओळी द्राक्षांची छाटणी करून आलो होतो, अंगात तीच भिनलेली. फेब्रुवारीवर कवडसा गेला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बघा ह्या लेकाला. काडी केवढी लांब ठेवतोय."

बाई थांबल्या. "कोण?"

"हा. छाटणीवाला."

"कसला छाटणीवाला?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण काहीतरी बोलून बसलोय. मी म्हटलं, "काही नाही बाई, साप. साप म्हणायचं होतं."

बाई दगडाजवळ गेल्या, गुडघे टेकून बसल्या. आडव्या उजेडात तो गुळगुळीत गोळा उठून आला होता. सापाचं शेपूट म्हणजे लाकडी मूठ, तिच्यावर चार बोटं स्पष्ट. सापाचं वळलेलं डोकं म्हणजे कोयत्याचं वाकडं पातं. आणि तुरा म्हणजे पाठीवरचं ते छोटं कुऱ्हाडीसारखं पातं. आमच्या डोंगरात छाटणीचा कोयता असाच असतो. पुढची पात ओल्या काडीला, पाठीची पात वाळक्या खोडाला. खालच्या सपाट मुलखात वेली झाडांवर चढवतात, तिथं असा कोयता कुणी बघितलेला नाही. बाईंनी बघितला नव्हता, आणि सार्तीसाहेबांनी तरी कुठून बघावा? गुडघ्याशी होतं ते पापाचं झाड नव्हतं, वेलीचं खोड होतं.

"नेल्लो, समोरून टाका उजेड." मी भट्टीकडे गेलो, गाडीवाल्याला बाजूला व्हायला लावून कवडसा टाकला. साप. "आता कारंज्याकडून." कोयता. असं पाच वेळा केलं. गाडीवाला लाकडं सोडून माझ्याकडेच बघत राहिला.

बाई उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "आठ वर्षं. आठ वर्षं मी मुलांना साप दाखवला. तुम्ही का नाही बोललात?"

मला वाईट वाटलं. "बाई, मला वाटलं शिकलेल्या माणसांना त्यात आणखी काही दिसत असेल. पुस्तकात साप होता."

"मी पण पुस्तकच बघितलं," बाई म्हणाल्या. "मी. दुसऱ्यांना बघायला शिकवणारी."

त्या दिवसापासून गुरुवारपर्यंत आमच्या घरात कुणाला चैन नव्हतं. बाईंच्या पावलांचा आवाज छतावरून येत राहायचा, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. ताटातलं ताटात. आर्जियानं तर सरळच सांगितलं, "हे बघा बाई, तुम्ही त्याला त्याचा साप द्या. नोकरी पदरात पाडून घ्या. शुक्रवारपासून मारा साप आणि काढा कोयता. कोण विचारतंय?"

"मुलं विचारतील, आर्जिया."

"मुलं कुठली विचारतात! माझ्या मुलांनी शाळेत जेवायची सुट्टी कधी एवढंच विचारलं."

हेडमास्तर प्रातीसाहेब मनानं चांगले, पण भित्रे. घाबरले की पेपरमिंट चघळायचे, आणि सदा चघळत असायचे. त्यांना बाईंनी सगळं सांगितलं. मी शेगडी पेटवायच्या निमित्तानं तिथंच होतो. साहेबांनी एका दमात दोन पेपरमिंट तोंडात टाकल्या. "बाई, एक दिवस. एका दिवसापुरता साप राहू दे. अहो, अकरा पानं लिहिलीत त्या माणसानं त्याच्यावर!"

बाई तशाच वळून निघाल्या. हो नाही, की नाही नाही. बाई गेल्यावर साहेबांनी मला हाक मारली. "नेल्लो, इकडे ये. आरसा तुझ्या हातात आहे. सावकाश घे. मार्चवर रेंगाळ, एप्रिलवर रेंगाळ. फेब्रुवारीपर्यंत तास पोचताच कामा नये. कळलं?"

"पण साहेब, बाईंना..."

"बाईंना वाचवायचं आहे की नाही?"

वाचवायचं तर होतंच. मी मान हलवली. तो होकार मला गुरुवारपर्यंत टोचत राहिला.

गुरुवारी सकाळी वारा सुटला होता. डोंगरावरून ढगांचे कळप येत होते, मधेच ऊन, मधेच राखाडी. मी पहाटे वेली छाटून तसाच आलो होतो, कोयता पाठीमागं पट्ट्याच्या आकड्याला लटकलेला. साडेदहाला सार्तीसाहेब आले. उंच, बारीक, करडा ओव्हरकोट, हातांत तपकिरी हातमोजे. झाइरानं त्यांच्यासाठी खुर्ची बाहेर आणून ठेवली आणि तिच्यावरचं पीठ ॲप्रननं झटकलं. मुलं एकोणीस. बाईंनी ती मोजली. परत मोजली. तिसऱ्यांदा मोजताना सार्तीसाहेबांनी घड्याळ काढलं.

"दहा मिनिटं बघायचं," बाई म्हणाल्या. आवाज जेमतेम निघाला.

दहा मिनिटं. तुम्ही कधी इन्स्पेक्टरशेजारी दहा मिनिटं गप्प उभे राहिला आहात? पाचव्या मिनिटाला त्यांनी पाय बदलला. सातव्याला वहीत काहीतरी लिहिलं. हेडमास्तरांच्या गालात पेपरमिंट इकडून तिकडे जात होती, मला चौकाच्या पलीकडून दिसत होती.

मग सुरू झालं. मार्च, शिंग फुंकणारा वारा. "वारा दिसत नाही. काय दिसतं?" "फुगलेले गाल, बाई." एप्रिल, हातात फुलं. मे, घोड्यावरचा. मी रेंगाळलो. आरसा रुमालानं पुसला. कवडसा मुद्दाम खाली पाडला, वर नेला, कबुतरावर नेला. मुलं हसली. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि त्या बघण्यानं माझे कान तापले. बाईंना कळलं होतं. जून, जुलै, ऑगस्टमध्ये पिंपाच्या कड्या ठोकणारा, सप्टेंबरात द्राक्षं तुडवणारा. डिसेंबरला अकरा वाजून गेले. जानेवारीचा म्हातारा शेकोटीशी पाय शेकतोय तोवर सव्वाअकरा झाले, आणि साडेअकराला तास संपणार होता.

आणि ऊन गेलं. मोठा ढग आला, चौक राखाडी झाला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. मनात म्हटलं, सुटलो. बाई सुटल्या.

सार्तीसाहेब खुर्चीतून उठले. "ऊन नाही, हरकत नाही. फेब्रुवारी हा दगड कठीणच आहे. मीच सांगतो मुलांना." आणि ते कोट सावरत दाराकडे निघाले. हेडमास्तरांचा चेहरा उजळला. याहून चांगलं काय होणार? साहेब स्वतःच साप सांगणार, बाईंनी नुसती मान हलवायची, अहवाल गोड होणार.

"थांबा, साहेब," बाई म्हणाल्या.

सार्तीसाहेब थांबले. त्यांना थांबवायची बहुधा कुणाला सवय नसावी.

"मुलांनी अजून बघितलेलं नाही. आधी बघू दे त्यांना. ढग जाईल."

"बाई, तास संपत आलाय."

"ढग जाईल," बाई परत म्हणाल्या. त्यांची बोटं एकमेकांत अडकली होती, पांढरी पडेपर्यंत.

आम्ही सगळे आभाळाकडे बघत राहिलो. इन्स्पेक्टर, हेडमास्तर, झाइरा, एकोणीस मुलं. ढग काही घाईत नव्हता. मी मनातल्या मनात त्याला जा म्हणत होतो का राहा म्हणत होतो, मला अजून माहीत नाही.

गेला. ऊन आलं. मी भट्टीपाशी, दाराच्या बरोबर समोर. इथून कवडसा टाकला असता तर साप दिसला असता. आरसा वर उचलायचा, एवढंच. मी बाईंकडे बघितलं. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"नेल्लो, कारंज्याकडे जा."

तिथून कारंजं चाळीस पावलं. एवढी लांब चाळीस पावलं मी आयुष्यात चाललो नाही. वाटेत हेडमास्तर होते, त्यांनी डोळ्यांनी मला नको नको केलं. मी गेलो. पायरीवर चढलो, आरसा धरला, आणि कवडसा दगडावर आडवा टाकला.

मग मिल्व्हा, कासोनी द्राक्षवाल्याची मुलगी, दहा मिनिटांचा नियम विसरून ओरडली, "अगं बाई! हा तर आमच्या बाबांचा कोयता!"

"कोण बोललं?" सार्तीसाहेबांचा आवाज.

मिल्व्हा मैत्रिणीमागं लपली. सगळी पोरं एकदम कुजबुजायला लागली. कोयता, मूठ, ते बघ बोटं. सार्तीसाहेब दगडाशी गेले. बराच वेळ वाकून उभे राहिले. मग न वळताच म्हणाले, "परत समोरून."

मी भट्टीकडे गेलो. साप.

"परत तिकडून."

मी कारंज्याकडे. कोयता. चार फेऱ्या झाल्या. साडेअकरा होऊन गेले, घंटा वाजवणारा मी इथं, म्हणून घंटा झालीच नाही. साहेबांनी हातमोजा काढला आणि उघड्या बोटानं तो तुरा चाचपला.

"हे मागचं काय आहे? बाई, याचा उपयोग काय?"

"मला माहीत नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "नेल्लोला माहीत आहे."

आता माझी पाळी. मी आरसा कारंज्याला टेकवला, पाठीमागून कोयता काढला आणि दाराशी जाऊन त्यांच्यापुढं धरला. "साहेब, पुढची पात ओल्या काडीला. मागची वाळक्या खोडाला. पुढच्या पातीनं वाळकं तोडलं तर धार जाते."

त्यांनी कोयता हातात घेतला. दगडाशेजारी धरला. "म्हणजे हा तुरा नाही."

"नाही, साहेब."

ते बाईंकडे वळले. "आजवर तुम्ही इथं काय शिकवत होतात?"

मला वाटलं, आता तरी बाई काहीतरी सांभाळून घेतील. पण नाही. मुलांच्या देखत बाई म्हणाल्या, "साप. आठ वर्षं."

"का?"

"तुमच्या पुस्तकात होता म्हणून. मी स्वतः बघितलंच नाही. चूक माझी."

सार्तीसाहेबांनी माझा कोयता मला परत दिला, हातमोजा चढवला, वहीत लिहिलं, चांगली दोन पानं लिहिली, आणि हेडमास्तरांना म्हणाले, "मला निघायला हवं."

"पण जेवण, साहेब..."

"नको."

आमच्याकडे इन्स्पेक्टर जेवल्याशिवाय जात नाही. जेवला तर पास. अर्धं जेवला तरी पास. आर्जियानं हेडमास्तरांच्या घरी जाऊन भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली केले होते, एकशेवीस, एकेक हातानं मुडपून. न जेवता गेलेला इन्स्पेक्टर हेडमास्तरांच्या सगळ्या नोकरीत एकच झाला होता, आणि त्या मास्तरचं नाव नंतर शाळेत कुणी घेतलं नव्हतं. ते तोर्तेल्ली आम्ही खाल्ले, पण कुणाला चव लागली नाही. हेडमास्तर एकच वाक्य बोलत राहिले, "एक दिवस, फक्त एक दिवस सांगितलं होतं."

मग सात आठवडे. बाई रोज शिकवायच्या, मुलं तीनदा मोजायच्या, आणि शाळा सुटली की पोस्टमन एर्मेसच्या सायकलची वाट बघत आमच्या पायरीवर बसायच्या. एर्मेसला ते इतकं जड झालं की तो लांबूनच दोन्ही हात हलवून दाखवायला लागला, काही नाही, काही नाही. एकदा तसं करताना नाल्यात पडला. एका रविवारी मी वर गेलो तर बाईंनी चारही खोकी पलंगाखालून ओढून काढली होती आणि त्यांच्या सुतळ्या नव्यानं घट्ट करत होत्या. मी आलो तसा खाली गेलो. आर्जियाला सांगितलं, तर ती काहीच बोलली नाही. आर्जिया काही बोलली नाही म्हणजे काय, हे तिच्या नवऱ्यालाच ठाऊक.

एप्रिलच्या अखेरीस एर्मेसनं हात हलवले नाहीत. जाड पाकीट. बाईंनी ते घेतलं, फोडलं, पहिली ओळ वाचली आणि कागद माझ्या छातीला लावला. "तुम्ही वाचा. मला होत नाही."

आता मला वाचता येतं, पण बोट धरून. आणि सरकारी भाषा म्हणजे काट्यांतून चालणं. मी पायरीवर बसलो, चष्मा लावला आणि सुरू केलं. "सदर तास... निर्धारित वेळेपेक्षा... अकरा मिनिटं लांबला."

"पुढं."

"शाळेच्या शिपायानं... वर्ग चालू असताना... मत व्यक्त करणं... शिस्तीस धरून नाही."

"हे तुझ्याबद्दल," आर्जिया दारातून म्हणाली.

"मला कळलं. गप बस. सदर शिक्षिकेनं... आपण आठ वर्षं चुकीचा अर्थ शिकवल्याचं... विद्यार्थ्यांसमक्ष... कबूल केलं."

बाईंनी डोळे मिटले. "संपलं," म्हणाल्या.

"थांबा, अजून आहे. सदर चुकीचा अर्थ..." इथं माझं बोट अडखळलं. शब्द ओळीच्या शेवटी तुटला होता, अर्धा खाली गेला होता. "सदर चुकीचा अर्थ... प्रस्तुत... निरी... निरीक्षकाच्या पुस्तकातून... घेतलेला होता."

"वाचा ना, नेल्लो!"

"वाचतोय, बाई, धमकावू नका. विद्यार्थी... न बोलता... पाहू शकतात. असे विद्यार्थी... आजवरच्या तपासणीत... आढळले नाहीत. तरी सदर शिक्षिकेस... सेवेत..." पान उलटायचं होतं. बोटाला थुंकी लावली. एर्मेस सायकल सोडून माझ्या खांद्यावरून डोकावत होता. "...कायम करण्यात यावं, अशी शिफारस आहे."

मग बाई म्हणाल्या, "परत वाचा. शेवटची ओळ."

मी परत वाचली. तरी बाईंना खरं वाटेना, मग आर्जियानं कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि ती ओळ गल्लीभर ऐकू जाईल अशी म्हटली.

बाई उठल्या आणि वर गेल्या. आम्हाला वाटलं, रडायला गेल्या. थोड्या वेळानं जिन्यावरून वाकून म्हणाल्या, "नेल्लो, तुमचा कोयता द्याल का जरा?"

मी कोयता घेऊन वर गेलो. चार खोकी खोलीच्या मधोमध. बाईंनी कोयता घेतला, पहिल्या सुतळीवर टेकवला आणि मागची पात घासायला लागल्या.

"बाई, पुढची. पुढच्या पातीनं."

"वाळकी आहे ना सुतळी? वाळक्याला मागची, असं तुम्हीच सांगितलंत साहेबांना."

मी दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिलो. सुतळी तुटायला बराच वेळ लागला, पण बाईंना घाई नव्हती.